यंत्राचा कान आणि मातीची साक्ष

जुन्या पांढरीवर नाणी शोधण्यास धातुशोधक यंत्र कोणते घ्यावे, असे संघटनेतील दोन तरुणांनी आम्हांस विचारले. यंत्राच्या वेटोळ्यात वीज खेळते, तिच्यामुळे जमिनीतील धातूत प्रवाह उठतो आणि कानाशी सूर वाजतो. आपली जमीन काळ्या फत्तराची. तिच्यातील लोहांशाने साधे यंत्र फसते. म्हणून मातीचा परिणाम वजा करणारे यंत्रच घ्यावे लागेल.

पण ते कशास बहिरे आहे? आपल्या उत्तरेस तेर, म्हणजे प्राचीन तगर. तेथील हस्तिदंती मूर्तीचे पाँपेईत १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी साम्य आहे. हस्तिदंत, मणी, भाजलेली माती यंत्रास ऐकू येत नाही. नाण्यासाठी पडलेली कुदळ त्यांना फोडून जाते.

१९७४ साली दायमाबादला एका भिल्ल गावकऱ्यास झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी साठ किलोंहून अधिक वजनाची ब्राँझशिल्पे मिळाली. ती शास्त्रीय उत्खननातील थरात मिळाली नाहीत, म्हणून त्यांच्या काळाचा वाद राहिलाच. हजेरीपटातून फाटलेले पान ते. नाव दिसते, तारीख नाही.

१८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास कलेक्टरास कळवावे लागते. त्यात शोधणाऱ्याचा हक्कही सांगितला आहे. तो हक्क जरूर मागावा. परंतु राजांची नावे ताम्रपटावर राहतात, कुंभार-विणकरांची साक्ष मातीच्या थरातच असते. ती आपल्याच हातांनी मोडू नये, म्हणून आम्ही त्या तरुणांस सांगितले : यंत्र घेऊ नका.