बारामती-इंदापुरातील न दाखवली जाणारी स्थळे

बारामती-इंदापुरात पाहण्यासारखे काय आहे, असे पाहुण्याने विचारले म्हणजे आपण बोटे मोजून सांगतो. मोरगावचा मयूरेश्वर, कऱ्हाकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा आणि त्यांच्या आश्रयाने आर्या रचणारे मोरोपंत (१७२९–१७९४), इंदापुरातील मालोजीराजांची गढी, नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूर, आणि उजनीचे पाणी ओसरले म्हणजे वर डोके काढणारे पळसदेवचे देऊळ. ही स्थळे पाहावीत, जपावीत, याविषयी वाद नाही. परंतु या यादीत देव आहेत, सरदार आहेत, कवी आहेत. नांगर धरणारा आणि कुदळ मारणारा मात्र नाही. त्याचीही स्थळे याच दोन तालुक्यांत आहेत. त्यांपैकी तीन आम्ही आज सांगणार आहोत.

पहिले, इंदापूरचे रान. प्रिंगलसाहेबाने ठरवलेला सारा रयतेला झेपेना, जमिनी ओस पडू लागल्या. तेव्हा १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी येथे नवी आकारणी करून तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. मुंबई इलाख्यात पुढे पसरलेली सारापद्धती ती हीच. आपण ज्या सर्व्हे नंबरांनी जमीन ओळखतो, त्यांचे मूळ या पद्धतीत आहे.

दुसरे, सुप्याचा बाजार. मुदत सरताच १८६७ मध्ये इंदापूरचा सारा वाढला, मग शेजारच्या तालुक्यांची पाळी आली. तिकडे अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपल्याने कापसाचा चढा भाव उतरला होता. शेतकरी दोहोंकडून कात्रीत सापडला आणि सावकाराच्या रोख्यावर अंगठा देऊ लागला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. त्यांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर. दंग्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार त्यायोगे न्यायाधीशाला मिळाला.

या दंग्याआधीच, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकाराशी असहकार पुकारला होता. त्याला न्हावी मिळेना, पाणक्या मिळेना. आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉटवर हीच वेळ १८८० साली आली आणि त्याचे आडनाव इंग्रजी भाषेत क्रियापद होऊन बसले. मेयोने ती आठवण जपली आहे. तेथील शेतकरी चळवळीचा पुढारी मायकेल डेव्हिट याच्या जन्मगावी, स्ट्रेड येथे, जुन्या चर्चमध्ये संग्रहालय आहे आणि प्रवासी ते मुद्दाम पाहायला जातात.

तिसरे स्थळ तर रोज आपल्या नजरेसमोर वाहते. तो नीरा डावा कालवा. १८७६ च्या दुष्काळात त्याचे काम निघाले. १८८५ च्या सुमारास पाणी खेळू लागले. उपाशी माणसांनी तो खणला. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला एक रत्तलावर आणले, तेव्हा १८७७ च्या आरंभी दख्खनमधील हजारो मजुरांनी काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. या मजुरांना संघटना हा शब्द ठाऊक नव्हता; एक रत्तलावर पोट भरत नाही, एवढे मात्र ठाऊक होते. आम्हां कामगारांत वावरणाऱ्यांना हे आपले पूर्वज वाटतात.

त्या पाण्यावर ऊस आला, उसावर कारखाने उभे राहिले, आणि आज हंगामात बीडकडचे ऊसतोड कामगार कालव्याच्या कडेला खोपी घालून राहतात. पळसदेवचे देऊळ पाहायला आपण होडी करतो. सुप्याला जायला होडी लागत नाही. येत्या सहलीत शाळांनी मुलांना मोरोपंतांच्या गावाहून सुप्याच्या बाजारात न्यावे, कालव्याच्या भरावावर उभे करावे आणि तो कोणी खणला ते सांगावे. उसाच्या फडात आज कोयता चालवणारा कोण, हे मुले मग आपणहून विचारतील.