न्हाणीचा उंबरा

जुन्या घरांचें वर्णन करणारे लेखक ओटी, माजघर, देवघर यांचीं नांवें मोठ्या आवडीनें घेतात. न्हाणीकडे मात्र सहसा कोणी फिरकत नाहीं. वास्तविक घरांतील मनुष्य किती स्वाधीन आहे हें पाहावयाचें असेल, तर तीच जागा आधीं पाहावी. मुरबाड तालुक्यांतील आमच्या मामांच्या घरीं मला हें कळलें. आंब्यावरून पडून मामांचें कंबरेखालचें अंग लुळें झालें. पुढें चाकांची खुर्ची आली. दोन ठिकाणीं फळ्या टाकल्यावर ती ओटीपासून माजघरापर्यंत फिरूं लागली. पण न्हाणीच्या दाराशीं चार इंचांच्या उंबऱ्यापुढें ती जी थांबली ती थांबलीच. मग दोन माणसांनीं त्यांस उचलून आंत न्यावयाचें, अंग धुवावयाचें, पुन्हा उचलून आणावयाचें. रोज पहाटे स्नान करणारे मामा आधीं दिवसाआड आणि मग आठवड्यांतून दोनदां न्हाऊं लागले. "थंडी वाजते," असें ते सांगत. तें खोटें होतें, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें.

हा उंबरा तेथें आला कसा, हा प्रश्न इतिहासाचा आहे. शहापूर-मुरबाडकडे पाऊस दांडगा. म्हणून घराचें जोतें उंच. जमीन मात्र मातीची, चोपून शेणानें सारवलेली. अशा जमिनीस पाण्यासारखा शत्रु नाहीं. त्यामुळें स्नान बहुधा परसांत दगडावर. आणि घरांतच मोरी केली तर तिला चहूंकडून आड घातलेली. पाणी तरी कोठें मुबलक होतें? विहिरीवरून डोक्यावर येईल तेवढें. १८९२ सालीं शहापूर तालुक्यांतील तानसा नदीस बांध घालून तिचें पाणी मुंबईस नेलें, पुढें भातसेचेंही नेलें. त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. असो. पुढें सारवण गेलें, शहाबादी फरशी आली, मग लाद्या आल्या. ज्या जमिनीस राखण्यासाठीं उंबरा जन्मास आला ती जमीन नाहींशी झाली. उंबरा मात्र राहिला, आणि गवंडी आजही तो न विचारतां घालतो.

पाणी आडवावयास उंबराच लागतो असें नाहीं, उतार पुरतो. मोहेंजोदडो येथें १९२२ पासून जें उत्खनन झालें त्यांत घरोघर भाजक्या विटांच्या न्हाण्या सांपडल्या. विटा घांसून इतक्या चपखल बसविलेल्या, कीं पाणी मुरूं नये. आणि जमिनीस उतार देऊन तें नाल्याकडे काढलेलें. चार हजार वर्षांपूर्वींच्या गवंड्यास जें कळलें होतें तें आमच्या मिस्त्रीस पटवून देतांना मला दोन दिवस लागले.

युरोप-अमेरिकेंत अडचण निराळी होती. तेथें स्नान टबांत. म्हणजे पंगू माणसापुढें दीड फुटाची भिंतच. १९३३ च्या सुमारास अमेरिकेंत एव्हरेस्ट व जेनिंग्ज या दोघा एंजिनियरांनीं मिटणारी हलकी खुर्ची तयार केली. १९४४ सालीं इंग्लंडांत डॉ. लुडविग गुटमन यांनीं पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठीं स्टोक मँडेव्हिल येथें केंद्र काढलें. तोंवर असे रुग्ण बहुतेक अंथरुणावरील क्षतांनीं आणि मूत्रविकारांनीं मरत. कातडीची निगा व स्वच्छता यांनींच ते जगूं लागले. स्नान ही येथें केवळ सुखाची गोष्ट नव्हे, हें यावरून दिसेल. जगलेलीं माणसें घरीं परतलीं तेव्हां घरेंच त्यांस सामावीनात. १९६३ सालीं सेल्विन गोल्डस्मिथ या वास्तुशिल्पज्ञानें, जो स्वतः पोलिओनें अधू झाला होता, अपंगांसाठीं घरें कशीं बांधावीं यावर मोठा ग्रंथ लिहिला.

आपल्याकडे अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था १९१७ सालीं निघाली. मुंबईस हाजीअलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ सालीं. खडकीस पक्षाघातग्रस्त सैनिकांचें केंद्र १९७४ सालीं. कोल्हापुरास नसीमा हुरजूक यांनीं, स्वतः खुर्चीवर बसून, १९८४ सालीं संस्था उभारली. त्यांच्या आत्मचरित्राचें नांवच 'चाकाची खुर्ची'. पुढें १९९५ व २०१६ चे कायदे झाले. पण कायद्याचें लक्ष मुख्यतः सार्वजनिक इमारतींकडे. मुरबाडच्या न्हाणींत सरकार कोठून येणार? तेथें मिस्त्री हाच कायदा.

आमचा मिस्त्री म्हणे, "काका, उंबरा काढला तर पाणी माजघरांत येईल." शेवटीं जुनी लादी उखडून जमीन दारापाशीं माजघराच्या पातळीस आणली आणि तेथून पलीकडच्या कोपऱ्याकडे पन्नासास एक असा उतार दिला, शिवाय दारालगत जाळीची पन्हळ. दार तीन फुटांचें केलें आणि बाहेर उघडणारें. आंत मनुष्य पडला तर आंत उघडणारें दार त्याच्याच अंगाशीं अडतें. खुर्ची वळावयास पांच फूट जागा हवी, म्हणून शेजारच्या सरपणाच्या खोलीची भिंत गेली. मामी त्यावर आठ दिवस रागावल्या होत्या. मिस्त्रीस बसावयाला दगडी कट्टा बांधावयाचा होता. तो मीं नको म्हटला: संवेदना गेलेल्या कातडीस दगड लागतो, आणि लागलेला कळत नाहीं. मऊ गादीची, चाकांची स्नानाची खुर्ची आणली. छपरावर दोनशे लिटरची टाकी, आणि हातांत धरावयाचा फवारा. ऊन पाण्याविषयीं मात्र आमचीच चूक झाली होती. पूर्वीं एकदां बंबांतलें पाणी पायावर ओतलें गेलें. फोड संध्याकाळीं दिसले. तेव्हांपासून आधीं थंड, मग कढत, आणि हात घालून पाहिल्यावांचून अंगावर थेंब नाहीं, असा नियम.

काम झाल्यावर मिस्त्रीनें बादलीभर पाणी दारापाशींच ओतलें आणि तें कोपऱ्याकडे जातांना तो बराच वेळ पाहात राहिला. दुसऱ्या दिवशीं पहाटे मामा आपले आपण आंत गेले आणि त्यांनीं आंतून कडी लावली. मामी बाहेर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. "मामा, झालें का?" असें मीं दोनदां विचारलें. आंतून उत्तर आलें नाहीं. फक्त पाण्याचा आवाज येत होता.