हेराल्डचा क्रॉस

गिअर टाकून क्लच सोडला की मागून 'टक्' असा आवाज यायचा. रिव्हर्स टाकला की पुन्हा टक्. आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड बरीच वर्षं धरमपेठेतल्या घरामागे ताडपत्रीखाली पडून होती. ती चालू झाली याच आनंदात मी त्या आवाजाकडे कानाडोळा करत होतो. शेवटी सेंट्रल अव्हेन्यूमागच्या गॅरेजात मिस्त्रीकाकांनी गाडी जॅकवर घेतली, एका हातानं मागचं चाक धरलं आणि दुसऱ्या हातानं शाफ्ट हलवला.

"क्रॉस गेला, भाऊ. माझं ऐकाल तर हा पूर्ण अ‍ॅक्सलच काढा, सरळ दांड्याचा टाका. झंझटच नको."

हा सल्ला पन्नासहून अधिक वर्षं जुना आहे, हे मला नंतर कळलं.

क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. त्याच्या चार टोकांवर चार वाट्या आणि वाट्यांत सुयांसारखे बारीक रोलर. दोन दांडे एका रेषेत नसले तरी एकाचं फिरणं दुसऱ्याकडे पोचवायचं, हे त्याचं काम. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं १६७६ साली सूर्य पाहण्याच्या उपकरणांवरच्या पुस्तकात अशा सांध्याचं वर्णन केलं. तेव्हा आपल्याकडे शिवराज्याभिषेकाला दोन वर्षं झाली होती. पुढे अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरनं १९०३ मध्ये मोटारीसाठी पेटंट घेतलं आणि साखळीऐवजी शाफ्टनं चाकं फिरवणं सोपं झालं.

या सांध्यात एक खोड आहे. एकच सांधा कोनात फिरला, तर पलीकडचा दांडा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन २० अंशांचा असेल तर हा फरक सुमारे ६ टक्क्यांचा. दोन सांधे नीट जुळवून लावले तर एकाची चूक दुसरा पुसतो. हेराल्डच्या मागच्या प्रत्येक चाकाला मात्र एकच सांधा. शिवाय चाक आडवं सरकू नये म्हणून धरून ठेवण्याचं कामही त्याच शाफ्टकडे. म्हणजे क्रॉस झिजला की प्रश्न नुसत्या आवाजाचा राहत नाही, चाकाची पकड सुटू लागते.

हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली, मद्रासला १९६१ पासून बनू लागली. तिच्याच सांगाड्याच्या आधारे १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार निघाली. मागचे सांधे तसेच, दुखणंही तेच: वेगात वळताना अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर बाहेरचं चाक गाडीखाली दुमडू बघायचं. इंग्रजांनी १९७० च्या स्पिटफायरमध्ये सांधा ठेवला आणि मागची पाट्यांची स्प्रिंग बदलून हे दुखणं आवरलं. मद्रासनं १९७२ च्या गॅझेलमध्ये ती रचनाच काढून सरळ, अखंड अ‍ॅक्सल बसवला. आपल्या गिऱ्हाइकांना आणि मिस्त्रींना जुनी पद्धत फारशी आवडत नव्हती. तिकडे इंजिनिअरांनी उत्तर शोधलं, इकडे ते गॅरेजातून वर गेलं. मला दुसरी गोष्ट जास्त आवडते.

तरीही मी काकांना नाही म्हणालो. सरळ अ‍ॅक्सल टाकला तर गाडी जास्त शहाणी होईल, पण आजोबांची राहणार नाही. काका हसले. "मग वळणावर हळू चालवा."

त्यांनी आधी दोन्ही बाजूंना खुणा केल्या, सर्क्लिप काढल्या, हातोडीनं ठोकत वाट्या बाहेर काढल्या. आत ग्रीस नव्हतंच, लाल गंजाची पूड होती. क्रॉसच्या टोकांवर रोलरांनी चरे पाडले होते. नवा क्रॉस बसवताना एक सुई आडवी पडली, तर सर्क्लिप खाचेत जाईना. काकांनी जोर लावला नाही. वाटी पुन्हा काढली, सुया ग्रीसमध्ये चिकटवून उभ्या केल्या. मग सांधा माझ्या हातात दिला. तो सगळीकडे अलगद वळत होता, पण कुठेही खडखडत नव्हता.

"आजोबा ग्रीस मारायचे का?" काकांनी विचारलं.

आजोबा मारायचे. ते गेल्यावर कुणी मारलं नाही, हे मला त्यांच्यासमोर म्हणवलं नाही.

घरी जाताना टक् ऐकू आलं नाही. नव्या क्रॉसला ग्रीसचं निप्पल आहे. वाटेत थांबून मी ग्रीसगन विकत घेतली.