सात बियांचा वंश

फराळाच्या ताटाशेजारी यंदा कॉफीचा पेला आला, तर तिचे जुने मराठी नाव आठवून पाहावे. आपल्याकडे कॉफीच्या बियांना ‘बुंददाणे’ म्हणत. शब्द अरबी ‘बुन्न’वरून आलेला. झुडूप मूळचे हबसाणाच्या रानातले. पण त्याची शेती केली येमेनच्या अरबांनी. मोखा बंदरातून माल जगभर जाई, मात्र रुजेल अशी बी देशाबाहेर पडू द्यायची नाही, असा त्यांचा कटाक्ष होता म्हणतात.

तो मोडला एका फकिराने. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी हजहून परतताना सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर रुजवल्या, अशी परंपरा आहे. डोंगराला बाबाबुदनगिरी हेच नाव पडले. तिथल्या गुहेला कोणी दर्गा म्हणतात, कोणी दत्तपीठ. सात हा आकडा पवित्र म्हणूनच कथेत आला असावा. पण कथेतली एक गोष्ट मला पटते: बिया थोड्या होत्या.

कागदोपत्री इतिहासही तसाच चालतो. १६९६ साली डचांनी मलबारातून रोपे जावा बेटावर नेली. ती पुरात गेली, म्हणून १६९९ साली पुन्हा नेली. जावातले एक झाड १७०६ साली ॲमस्टरडॅमच्या वनस्पतिबागेत पोचले. त्याच्या वंशातले एक १७१४ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईला नजर झाले, आणि राजाच्या बागेतल्या त्या वंशातले एक रोप द क्ल्यू नावाच्या अधिकाऱ्याने १७२३ च्या सुमारास मार्टिनिक बेटावर नेले. जहाजावर पाणी संपत आले तेव्हा आपल्या वाटणीचे पाणी त्याने रोपाला घातले. हा प्रसंग सांगायला सर्वांना आवडतो. पुढे जवळच्याच सेंट डोमिंगोत आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर जगातली जवळजवळ निम्मी कॉफी पिकू लागली, आणि १७९१ साली त्या गुलामांनी मळे पेटवले. ते सांगताना मात्र लेखण्या आखडतात.

तर जगभरचे मळे असे एकदोन घरांतले. त्यात हे झुडूप स्वतःच्याच परागाने फळते. म्हणजे नवे रक्त येण्याची सोय नाही. सिलोनात गोऱ्या मळेवाल्यांनी डोंगरचे डोंगर तोडून तेच एक पीक लावले. १८६९ साली पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली. तो तांबेरा! वाऱ्याबरोबर तो मळ्यामागून मळे ओलांडत गेला. एक झाड ज्याला बळी पडते, त्याला सगळीच पडणार. वीस वर्षांत सिलोनची कॉफी बुडाली आणि त्या जागी चहा आला.

तांबेरा आपल्याकडेही आला. म्हैसूर प्रांतात केंट नावाच्या मळेवाल्याला १९११ साली त्यातही तग धरलेले एक झाड सापडले. १९२५ साली बाळेहोन्नूरला कॉफीचे संशोधन केंद्र निघाले, आणि तिथे केंटच्या वाणाचा अशा वाणाशी संकर झाला, ज्यात लायबेरियाच्या रांगड्या कॉफीचे रक्त होते. ‘एस ७९५’ हे त्याचे रुक्ष नाव. बुदनबाबांच्या वंशात इतक्या वर्षांनी बाहेरची सून आली म्हणा ना!

दुसरा धडा खोडकिड्याने दिला. १८६० नंतरच्या दशकात त्याने कूर्गातले उघड्या उन्हातले मळे पोखरले, तेव्हा लोक सावलीकडे वळले. म्हणून आपल्या कॉफीवर आजही पांगारा, फणस, सिल्व्हर ओक यांचे छत्र असते आणि खोडांवर मिरीचे वेल चढलेले असतात. विदर्भात चिखलदऱ्यालाही इंग्रजी अमदानीपासून अशी झुडपे आहेत.

लावायची कोणाला हौस असेल तर थंड डोंगराळ हवा, पाणी न साचणारी जमीन आणि विरळ सावली हवी. मोकळे सोडले तर झाड दोन पुरुष उंच जाते, म्हणून शेंडा छातीच्या उंचीवर खुडतात. मार्च-एप्रिलात वळवाची एक सर पडली की आठ-दहा दिवसांत जाईसारखी पांढरी फुले उमलतात आणि दोन-तीन दिवसांत गळतात. फळ लाल व्हायला आठ-नऊ महिने, पहिले पीक तिसऱ्या-चौथ्या वर्षी. भाजलेला दाणा अर्थातच रुजत नाही. बी ताजीच हवी. काही महिन्यांत तिचा जीव जातो. बाबांनाही घरी पोचायची घाई करावी लागली असणार.