गटबांधणीची विद्या कोणाची?

कंपनीतली नोकरी सोडून सामाजिक न्यायाच्या कामात उतरणाऱ्यांचे आज मनापासून स्वागत होते. ते व्हायलाच हवे. त्यासोबत एक समजूत मात्र रूढ झाली आहे. ती अशी: चळवळींपाशी तळमळ असते, शिस्त नसते, बैठका लांबतात, निर्णय रखडतात, हिशेब विस्कळीत असतात, कार्यकर्ते आपसात भांडतात. गट बांधण्याची, वाद सोडवण्याची विद्या उद्योगजगताने कमावली आहे. तिथून आलेल्यांनी ती इथे शिकवावी. असे म्हणणारे अप्रामाणिक नाहीत. एका माणसाभोवती फिरणाऱ्या संस्था आणि त्याच्या पश्चात उडालेली दाणादाण त्यांनी पाहिलेली असते. तक्रार खरी आहे. निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिला मुद्दा उगमाचा. समूहगतिकीचा, म्हणजे गटांतील वर्तनाच्या अभ्यासाचा, पाया घालणारे कुर्ट लेविन हे १९३३ साली नाझी जर्मनी सोडून अमेरिकेत आलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ. १९४६च्या उन्हाळ्यात कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटन येथे त्यांनी कार्यशाळा घेतली, ती वांशिक भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्यांसाठी. दिवसभराच्या चर्चांवर निरीक्षक संध्याकाळी आपसात बोलत. एका संध्याकाळी काही सहभागीही तिथे येऊन बसले. निरीक्षकाने त्यांतील एका बाईंच्या वागण्याचे वर्णन केले. ‘तसे घडले नाही,’ म्हणत त्या बाईंनी आपली बाजू मांडली. लेविन यांनी त्यांना थांबवले नाही. पुढच्या संध्याकाळपासून बाकीचेही येऊ लागले. आज कंपन्यांच्या प्रशिक्षणात ‘फीडबॅक’ म्हणून जे शिकवले जाते, त्याचे एक मूळ या खोलीत आहे. १९४७ साली मेनमधील बेथेल येथे याच धर्तीवर प्रशिक्षण सुरू झाले आणि तिथून ही पद्धत उद्योगांत पसरली. मग देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण?

यावर प्रतिपक्ष म्हणेल, लेविन यांचे प्रयोग कारखान्यातही झाले. झाले, व्हर्जिनियातील हारवूड या पायजम्यांच्या कारखान्यात. पण तिथल्या प्रयोगाची साक्ष कोणत्या बाजूची? त्यावर कोच आणि फ्रेंच यांनी लिहिलेला १९४८चा निबंध पाहावा. कामाची पद्धत बदलताना जिथे हुकूम वरून आला, तिथे उत्पादन घसरले आणि माणसे सोडून गेली. जिथे कामगारांना निर्णयात सामील केले, तिथे उत्पादन लवकर सावरले. उद्योगाचा पुरावाही लोकांच्या सहभागाच्याच बाजूने उभा राहतो.

दुसरा मुद्दा सत्तेचा. कंपनीत गटाचे उद्दिष्ट बहुधा आधीच ठरलेले असते आणि मतभेद टोकाला गेले तर वरिष्ठाचा शब्द अखेरचा. ज्या वस्तीत पाणी कोणाला आधी मिळावे हाच वाद आहे, तिथे उद्दिष्टच गटाला ठरवायचे असते. जात, जमीन, कर्ज या गोष्टी घरी ठेवून कोणी बैठकीला येत नाही. मग लांबलेली बैठक हा दोषच कसा?

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे गोंड गाव पाहा. इथे अभ्यासगटात विषयाचा खल होतो, निर्णय मात्र ग्रामसभाच घेते आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. या संथ वाटेनेच गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव आहे. ही गटबांधणी कोणत्या व्यवस्थापन संस्थेने शिकवली होती?

उरला हिशेबाचा मुद्दा. चोख हिशेब हवा, यात वाद नाही. पण राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४पासून जनसुनवाया घेतल्या, हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली आणि कागदावरची मजुरी कोणाच्या खिशात गेली ते उघड केले. २००५च्या माहिती अधिकार कायद्यामागे या लढ्याचे मोठे बळ होते. हिशेबाची ही कसोटी मजुरांनी लावली. संघटनेच्या संस्थापकांपैकी अरुणा रॉय भारतीय प्रशासकीय सेवा सोडून आल्या होत्या. गावात त्या मजुरांच्या बरोबरीने राहिल्या.

क्षेत्र बदलणाऱ्याचे कौशल्य म्हणून वाया जात नाही. त्याने वेळापत्रक आणावे, ताळेबंद आणावा. पण गुरुपद गृहीत धरू नये. आधी शिष्य व्हावे, मग सहकारी. ज्या विद्येवर कंपनीत त्याचे नाव झाले, तिच्या उगमाशी अन्यायाविरुद्ध झगडणारी माणसे होती. पुरावा समोर आहे. निवाडा वाचकांनी करावा.