अल्काझी पुण्याचे

नाशिकच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात नेपथ्य लावताना हौशी संघातली नवी मुलं मला दिग्दर्शकांबद्दल विचारतात. इब्राहिम अल्काझी हे नाव घेतलं की त्यांना ते दिल्लीचे वाटतात. अल्काझी पुण्याचे. जन्म १९२५चा. वडील अरबस्तानातून व्यापारासाठी आलेले, आई कुवेतची. घरात अरबी, सेंट व्हिन्सेंट शाळेत इंग्रजी आणि उंबऱ्याबाहेर मराठी. फाळणीनंतर घरातले बरेच जण पाकिस्तानात गेले. ते मात्र इथंच राहिले, आणि मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो.

मुंबईत झेवियर्स कॉलेजमध्ये शिकताना ते सुलतान पदमसींच्या थिएटर ग्रुपमध्ये आले. पुढं लंडनला राडा या नाट्यशिक्षण संस्थेत रीतसर शिक्षण झालं. तिथंच राहता आलं असतं, पण ते परतले. १९५४मध्ये त्यांनी थिएटर युनिट काढलं आणि राहत्या इमारतीच्या गच्चीवर 'मेघदूत' नावाचा रंगमंच उभारला. युरिपिडीसची 'मीडिया' मुंबईकरांना दाखवणारा हा माणूस वेशभूषा, नेपथ्य, प्रकाश सगळ्यांत स्वतः लक्ष घालायचा. विजयाबाई मेहता त्यांच्याच हाताखाली शिकल्या आणि १९६०मध्ये त्यांनी 'रंगायन' ही मराठी नाट्यसंस्था उभी केली.

१९६२मध्ये ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक म्हणून दिल्लीला गेले. मुंबईतलं थिएटर युनिट सत्यदेव दुबेंकडे आलं. दुबे मूळचे बिलासपूरचे. पण तेंडुलकर, एलकुंचवार या मराठी नाटककारांची नाटकं त्यांनी बसवली.

दिल्लीतलं अल्काझींचं १९६३चं 'अंधा युग' हे नाटक फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींत झालं. आमच्यासारखी माणसं लाकडी चौकटीवर कापड ताणून, रंगवून दिवाणखाना उभा करतात. अल्काझींनी महाभारताच्या युद्धानंतरच्या उजाडपणासाठी खरे दगड निवडले. पुढं 'तुघलक' त्यांनी पुराना किल्ल्यात नेलं, मनोहर सिंग तुघलक झाले. जागाच नेपथ्य होते, हे पुस्तकात वाचून उमगत नाही.

शिस्तीबद्दल त्यांचे विद्यार्थी आजही बोलतात. विद्यालयातली स्वच्छता ते स्वतः बघत, प्रसंगी स्वतः झाडू हाती घेत. पुण्याच्या रोहिणी ओक, म्हणजे आपल्या रोहिणी हट्टंगडी, याच शिस्तीत घडल्या. अल्काझींनी १९७७मध्ये विद्यालय सोडलं आणि ४ ऑगस्ट २०२० रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना तळटीपेत ठेवू नये, विजयाबाईंच्या प्रकरणाआधी त्यांचं प्रकरण हवं.