छातीत धडधड, ठोका चुकल्यासारखं वाटतं? नाडी कशी बघायची आणि ‘हार्ट’च्या कॅप्सूल घेण्याआधी काय तपासायचं

सांगोला (प्रतिनिधी) : मागच्या पावसाळ्यात आमच्या तात्यांच्या नाकातून रक्त यायला लागलं. कापूस लावला, डोक्यावर गार पाणी मारलं, थांबेना. दुसऱ्या दिवशी शौचाला डांबरासारखं काळं झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" चालू होती, दहा-बारा वर्षांपासून. तात्यांच्या हृदयाची एक झडप बदललेली आहे. दुसरा प्रश्न होता, "सोबत अजून काय घेता?" त्यावर तात्या गप्प. मग काकींनी पिशवीच पुढं केली. लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, गुडघ्यासाठी हळदीच्या गोळ्या आणि मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट. यातलं एकही त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं नव्हतं. तात्या वाचले, पण चार दिवस ॲडमिट राहावं लागलं आणि रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या.

तेव्हापासून या विषयावर लिहायचं डोक्यात होतं. गावात आज दर दुसऱ्या घरात बीपीची नाहीतर शुगरची गोळी आहे, आणि त्याच घरात मोबाईलवर बघून मागवलेली एखादी ‘हृदय मजबूत’ करणारी बाटलीही आहे.

ठोका बिघडतो म्हणजे काय होतं

बोअरची मोटर चालायला जसा स्टार्टर लागतो, तसा हृदयालाही एक स्टार्टर असतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात तो असतो आणि तिथून विजेचा बारीक इशारा निघतो. तो ठरलेल्या वाटेनं खाली जातो आणि हृदय आवळतं. तोच एक ठोका. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात. रोज कष्ट करणाऱ्या माणसाचे ५० ते ६० असले आणि त्याला काहीच त्रास नसला, तर ते बहुतेक वेळा चालतं.

हा इशारा कधी फार जोरात सुटतो, कधी फार हळू, कधी वाटेतच अडतो, तर कधी भलत्याच ठिकाणाहून निघतो. ठोक्याचा बिघाड म्हणतात तो हाच. हार्ट ॲटॅक ही वेगळी गोष्ट आहे. त्यात हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. म्हणजे एक बिघाड पाइपलाइनचा आणि दुसरा वायरिंगचा. पण पाइप तुंबला की वायरिंगही जळू शकतं, म्हणून दोन्ही एकत्रही येतात.

अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा किंवा जास्तीचा पडल्यासारखा वाटणं जवळपास सगळ्यांनाच होतं. जागरण, टेन्शन, पाठोपाठ चहा, तंबाखू, मिश्री, दारू ही नेहमीची कारणं. बायकांमध्ये अंगात रक्त कमी असणं आणि थायरॉइड ही दोन कारणं फार सापडतात, पण "मनाला लावून घेते" म्हणून घरचे सोडून देतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी केली तर निम्मा घोळ तिथंच मिटतो. दम्याचा पंप आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही धडधड होते. तरणी पोरं रात्री पाणी द्यायला जाताना एनर्जी ड्रिंकचे दोन-तीन कॅन पितात, त्यांनीही लक्षात घ्यावं. त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असायला कायद्यानं परवानगी आहे.

आपल्याकडं सांभाळायचा मुख्य बिघाड

डॉक्टरांच्या भाषेत त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळण्याऐवजी नुसते थरथरतात. नाडीला ताल राहत नाही. दोन ठोके जवळ, तिसरा लांब, पुढचा कधी पडेल सांगता येत नाही. धोका फक्त धडधडीचा नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. या बिघाडात लकव्याचा धोका साधारण पाचपट वाढतो. काहींना तर धडधड जाणवतच नाही, थेट एक बाजू लुळी पडते तेव्हाच कळतं.

शहरात हा आजार बहुतेक म्हातारपणी, बीपीमुळं होतो. आपल्याकडं आणखी एक कारण आहे, सांध्यातून हृदयात उतरलेला ताप, म्हणजे संधिवाताचा ताप. लहानपणी घसा सुजतो, नीट उपचार होत नाहीत, सांधे दुखतात, आणि पुढं काही वर्षांनी कळतं की हृदयाची झडप अरुंद झाली. तात्यांचं असंच झालं. म्हणून पोराचा घसा ताप येऊन दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि दिलेल्या गोळ्यांचा कोर्स अर्ध्यात सोडू नका.

ठोका फार मंद होण्याचा आजार उतारवयात जास्त दिसतो. नाडी ३५-४० वर येते, उठलं की अंधारी येते, माणूस शेतात नाहीतर मोरीत पडतो. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे, मग सलाईन लावून आणतात. यावर खरा इलाज बहुधा पेसमेकर असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पेसमेकर बसवता येतो. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारायचं. पेसमेकर बसवलेल्यानं मोबाईल त्या बाजूच्या खिशात ठेवू नये, आणि वेल्डिंगचं काम किंवा कुंपणाचं झटका मशीन याबद्दल आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

नाडी घरी कशी बघायची

पाच मिनिटं शांत बसा. तळहात वर करा. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, हलकी ठेवा. अंगठ्यानं नाडी बघू नका, अंगठ्याची स्वतःचीच नाडी लागते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. आकड्याइतकंच तालाकडं लक्ष द्या. भजनातल्या टाळासारखा सरळ ताल असला तर ठीक. ताल सारखा तुटत असला तर आकडा बरोबर असूनही दाखवा. घरच्या बीपी मशीनवर अनियमित ठोक्याचं चिन्ह येतं, तेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

पक्कं निदान ईसीजीनं होतं आणि तो ग्रामीण रुग्णालयात निघतो. अडचण एवढीच की त्रास येतो-जातो, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ठोका सरळ झालेला असतो. म्हणून धडधड चालू असतानाच जवळ जाऊन पट्टी काढून घ्या आणि ती जपून ठेवा. तरीही सापडलं नाही तर २४ तास छातीला लावून ठेवायचं हॉल्टर मशीन असतं.

धडधडीबरोबर छातीत दुखतंय, दम लागतोय, दरदरून घाम आलाय, चक्कर येऊन पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळतंय, यातलं काहीही असलं तर घरचा काढा करत बसू नका. १०८ ला फोन लावा. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.

आता बाटल्यांबद्दल

अर्जुनसालीपासून सुरू करतो, कारण ती आपली जुनी ओळखीची. ओढ्याकाठचा अर्जुनसादडा, त्याची साल दुधात उकळून घ्यायची, हे आजीपासून ऐकलंय. त्यावर अभ्यासही झालेत, पण बरेचसे थोड्या रुग्णांवरचे. बिघडलेला ताल सालीनं सरळ होतो किंवा गुठळी टळते, असं त्यातून ठरलेलं नाही. कुणाला घ्यायचीच असेल तर वैद्यांना आणि हृदयाच्या डॉक्टरांना दोघांना सांगून घ्या. चालू गोळी बंद करून तिच्या जागी साल, हे मात्र अजिबात नको. बीपी आणि ठोक्यासाठी दिलेली मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम तोडली तर ठोका उलट उसळतो.

माशाच्या तेलाचं प्रकरण तर नवलाचं आहे. ‘ओमेगा-३’ म्हणून विकतात आणि हृदयासाठी चांगलंच असं सगळे धरून चालतात. त्यातलाच एक शुद्ध प्रकार रोज ४ ग्रॅम देऊन केलेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. त्यात हार्ट ॲटॅक कमी झाले, पण वर सांगितलेल्या थरथरीच्या बिघाडासाठी दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाण वाढलं. औषध घेणाऱ्यांत ३.१ टक्के, न घेणाऱ्यांत २.१ टक्के. म्हणजे ज्याचा ताल आधीच बिघडलेला आहे, त्यानं जास्त डोसच्या कॅप्सूल स्वतःच्या मनानं घेणं बरोबर नाही. बाजारातल्या साध्या कॅप्सूलमध्ये डोस कमी असतो, पण लोक दिवसाला चार-चार घेतात.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त जपावं लागतं. वॉरफरिन आणि ॲसिट्रोम या आपल्याकडच्या जुन्या गोळ्या. त्यांची मात्रा आयएनआर तपासणीवर ठरते. गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर १ च्या आसपास असतो, थरथरीच्या रुग्णाचा बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात, काही कृत्रिम झडपांना थोडा जास्त लागतो. तात्यांचा ७ च्या वर गेला होता आणि तीन महिने तपासणीच केलेली नव्हती. डॉक्टरांना विचारलं नेमकं कशानं झालं, तर म्हणाले, "चार गोष्टी एकदम चालू होत्या, कुठली एक कशी सांगू?" पुरवणी म्हणून घेतलेल्या लसणाच्या आणि हळदीच्या गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतात. भाजीतल्या लसूण-हळदीची भीती नाही. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी तर जठरातून रक्त पाडते.

त्यात अजून एक भर होती. "पालेभाजी खाऊ नका" असं कुणीतरी सांगितलं म्हणून काकींनी मेथी, पालक सगळं बंद केलं होतं. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या विरुद्ध काम करतं हे खरं. पण डॉक्टर डोस ठरवतात तो तुमच्या नेहमीच्या जेवणावर. भाजी एकदम तोडली की तोच डोस जड होतो, आणि महिनाभर भाजी बंद ठेवून मग भरपूर खाल्ली की गोळी कमी पडते. भाजी खायची, पण आठवड्याला साधारण सारखीच. जुलाबासाठी सर्रास घेतली जाणारी मेट्रोनिडॅझोलही आयएनआर वाढवते. कंबरेत इंजेक्शन घेण्याआधीसुद्धा "मला पातळ करायची गोळी चालू आहे" हे सांगायचं, नाहीतर आत रक्त साकळतं. आयएनआर न लागणाऱ्या नवीन गोळ्याही आल्यात, पण धातूची झडप बसवलेल्यांना त्या चालत नाहीत. शेजाऱ्याची बघून बदलू नका.

पोटॅशियमचं गणित नाजूक असतं. ते कमी झालं तरी ठोका बिघडतो, जास्त झालं तर हृदय थांबू शकतं. बीपीसाठी म्हणून मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी अधू असलेल्यांनी, तसंच टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. किडनीवाल्यांना रोजचं नारळपाणी आणि मॅग्नेशियमच्या गोळ्यांचंही तेच. उलट ज्येष्ठमध रोज भरपूर घेतला तर पोटॅशियम खाली जातं आणि बीपी वाढतं. लघवीची गोळी किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्याला ते महागात पडतं. डिगॉक्सिनवर असताना मळमळ, पिवळसर दिसणं, मंद नाडी असं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्या बांधावरची पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिच्यात डिगॉक्सिनसारखंच विष असतं. तिची बी हृदय बंद पाडते. ‘जडीबुटी’ म्हणून विकला जाणारा कच्चा बचनागही तसाच.

डबा हातात घेतल्यावर

फूड सप्लिमेंटच्या डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर आणि "हे औषध नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. ती शोधा. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादनाचा परवाना नंबर, बॅच आणि मुदत हवी. बाजारात कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या पावडरीवर यातलं काहीच नसतं. "ब्लॉकेज शंभर टक्के खुलणार", "बायपास टळणार" अशी जाहिरात आली तर १९५४ चा जादूटोणा उपाय व आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्यातल्या यादीत हृदयरोग आहे आणि तो बरा करतो अशी जाहिरात करायलाच मनाई आहे.

आमच्या घरी आता एक साधी वही केलीय. गोळीचं नाव, कधीपासून, कुणी दिली, आणि आयएनआरचा आकडा तारखेसह. काढा, चूर्ण, कॅप्सूल सगळं त्याच वहीत. तात्या कुठल्याही डॉक्टरकडं गेले की आधी वही पुढं करतात. मागच्या आठवड्यात आयएनआर २.८ आला. मेथीची भाजी दर सोमवारी आणि गुरुवारी होते.